मुंबईत टॅप डान्सचा क्लास कसा निवडावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लास बघायला गेल्यावर सगळ्यात आधी काय बघायचं?

जमीन. शिक्षक, फी, बॅचची वेळ हे सगळं त्यानंतर. टॅपमध्ये पायातला बूट आणि खालची जमीन मिळून वाद्य होतं, आणि पायाला बसणारा मार झेलायचं कामही तीच जमीन करते. मुंबईतले बरेचसे डान्स क्लास सोसायटीच्या हॉलमध्ये, इंडस्ट्रियल इस्टेटच्या गाळ्यात नाहीतर शाळेच्या सभागृहात चालतात. तिथे स्लॅबवर थेट व्हिट्रिफाइड टाइल किंवा कोटा बसवलेला असतो. काँक्रीट अजिबात दबत नाही. टाच आपटली की धक्का नडगीतून गुडघ्यात आणि तिथून कमरेत जातो. बॉलिवूड किंवा झुंबाच्या तासाला हे एक वेळ निभावतं, कारण पायात जाड रबरी सोलचे बूट असतात. टॅपचा सोल पातळ आणि कडक असतो आणि त्याखाली धातू, त्यामुळे मार अडवायला मध्ये काहीच नसतं.

योग्य फ्लोअर असा असतो : स्लॅबवर रबराचे पॅड, त्यावर लाकडी पट्ट्यांची चौकट, त्यावर प्लायवूडचे दोन थर आणि सगळ्यात वर लाकूड किंवा हार्डबोर्ड. याला स्प्रंग फ्लोअर म्हणतात. त्यावर उडी मारली की पायाखाली किंचित दबल्याचं जाणवतं.

लाकडी दिसते ती जमीन लाकडीच असते ना?

नाही, आणि इथेच बरेच पालक फसतात. टाइलवर चिकटवलेलं लॅमिनेट फोटोत अगदी सागवानासारखं दिसतं, पण त्याखाली स्लॅबच असतो. ओळखायची सोपी खूण दारात आहे. खरा स्प्रंग फ्लोअर बाहेरच्या पॅसेजपेक्षा दोन-चार इंच उंच असतो, म्हणून आत शिरताना छोटी पायरी किंवा उतार लागतो आणि बऱ्याचदा दार खालून कापलेलं दिसतं. मग खोलीच्या मधोमध उभं राहून टाच आपटा. पोकळ, खोल असा ‘ढब’ आवाज आला तर खाली हवा आहे. कोरडा ‘टक्’ आला तर नाही. भिंतीलगत आवाज थोडा वेगळा येतो, तिथल्या परीक्षेवर जाऊ नका.

काळं किंवा राखाडी व्हिनाइल अंथरलेलं असेल तर ते बॅले आणि कंटेम्पररीसाठी असतं. त्यावर टॅपचा आवाज दबतो आणि व्हिनाइलवर चरे पडतात, म्हणून असे स्टुडिओ भाड्याने देताना मालक टॅप शूज घालू देत नाहीत. ‘तुमच्या फ्लोअरवर टॅप शूज चालतात का?’ हे फोनवरच विचारून घ्या, फेरी वाचेल.

टाइलवरच क्लास चालतो, पण शिक्षक चांगले आहेत. मग?

टाइलवर लाकडी बोर्ड टाकतात का ते विचारा. प्रत्येकाला निदान ३ फूट बाय ३ फूट बोर्ड आणि त्याखाली रबर किंवा फोम असेल तर सुरुवातीला चालेल. नुसत्या टाइलवर आठवड्यातून दोन तास, तेही वर्षभर, याला आमचा स्पष्ट नकार आहे. आधी नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागतं, जिना उतरताना जाणवतं, आणि लोक त्याला ‘सवय नाही म्हणून’ असं म्हणून पुढे नाचत राहतात. शिवाय गुळगुळीत टाइलवर धातू सटकतो, म्हणून विद्यार्थी नकळत पाय आखडून धरतो. टॅपला पाय सैल लागतो. म्हणजे दुखणं आणि वाईट सवय एकाच जमिनीतून येतात.

मला नाचातलं काही कळत नाही. शिक्षक चांगले आहेत हे ओळखायचं कसं?

ट्रायल क्लासला बसा आणि मधेच डोळे मिटा. पाय ऐकू येतात की फक्त स्पीकर? नवशिक्यांच्या बॅचमध्ये तासाचा बराचसा भाग गाण्याशिवाय, नुसत्या मोजणीवर जायला हवा. पहिल्या दिवसापासून मोठ्याने गाणं लावून ठेवलं असेल तर कोणाचा पाय कुठे पडतोय हे शिक्षकांनाही ऐकू येत नाही.

दुसरी गोष्ट, एकेकाला वेगळं करून दाखवायला लावतात का? दहा जण एकत्र वाजवताना दोघांचे आवाज गाळले गेले तरी लक्षात येत नाही. म्हणून नवख्यांच्या बॅचमध्ये १०-१२ पेक्षा जास्त माणसं नकोत.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची : चूक कशी दुरुस्त करतात. शफल हा अगदी पायाभूत प्रकार घ्या. पाय पुढे झटकताना चवड्याचा एक आवाज, मागे घेताना दुसरा. नवख्याचा पहिला आवाज येतो आणि दुसरा गायब होतो. बहुतेक वेळा कारण या तिघांपैकी एक असतं. घोटा ताठ आहे आणि पाय गुडघ्यापासून फुटबॉल मारल्यासारखा हलतोय. किंवा पाय अंगापासून फार पुढे गेलाय, त्यामुळे परत येताना जमिनीला लागतच नाही. किंवा ज्या पायावर उभे आहात त्याचं वजन टाचेवर आहे, म्हणून दुसरा पाय मोकळा सुटत नाही. जाणकार शिक्षक तुमच्या पायाकडे एकदा बघून यातलं कोणतं ते सांगतात आणि भिंतीला किंवा खुर्चीला धरून तेवढंच दहा वेळा करून घेतात. न जाणणारे ‘जोरात मारा’ म्हणतात. जोर लावला की घोटा आणखी ताठ होतो.

शेवटी, वर्गातला सगळ्यात कच्चा विद्यार्थी शोधा आणि तासाभरात त्याच्याकडे किती वेळा लक्ष गेलं ते बघा. पुढच्या रांगेतली तयार मुलं कुठल्याही क्लासमध्ये छानच दिसतात.

पहिल्या सहा महिन्यांत काय काय शिकवायला हवं?

आठवड्यातून दोन तास धरले तर ब्रश, शफल, फ्लॅप, बॉल चेंज, हील ड्रॉप, क्रॅम्प रोल ही मूळ पावलं आणि त्यांची साधी जुळणी. क्रॅम्प रोलमध्ये चवडा, चवडा, टाच, टाच असे चार आवाज सारख्या अंतराने यावे लागतात. नवख्यांचे दोन-दोनच्या जोडीत येतात, आणि ते सुटे व्हायला वेळ लागतो. पुढे सिंगल टाइम स्टेप. १९२० च्या दशकातला शिम शॅम हा ठरलेला क्रम टॅपवाल्यांना जगभर येतो, तो वर्षाच्या आत शिकवला तर उत्तमच. त्याऐवजी तीन महिन्यांत तीन गाण्यांचे डान्स बसवून दाखवत असतील, तर मुलं पाठांतर करतायत असं समजा.

ब्रॉडवे टॅप आणि रिदम टॅप ही नावं कानावर येतील. पहिल्यात हात, चेहरा, रांगेतली रचना यांना महत्त्व असतं, तर दुसऱ्यात पायातून निघणाऱ्या लयीला, आणि बरंच काही ऐन वेळी सुचलेलं असतं. पहिल्या वर्षी दोन्हींचा पाया एकच.

मुलांना कोणत्या वयात घालावं?

साधारण सहाव्या वर्षापासून. त्याआधी ‘टॅप’ नावाने जे चालतं ते टाळ्या, चालणं, थांबणं अशा लयीच्या खेळांपुरतं असावं. तेही चांगलंच आहे, पण त्यासाठी टॅप शूज घ्यायची गरज नाही. लहान मुलांचा तास ४५ मिनिटांपेक्षा मोठा नको.

आठ ते चौदा या वयात हाडं झपाट्याने वाढतात. या काळात टाचेच्या मागच्या बाजूला किंवा गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावर दुखतंय असं मूल म्हणालं तर ‘नाटकं करू नकोस’ म्हणू नका. वाढत्या हाडाच्या जागी स्नायूचा ताण पडून असं होतं. आपटणं थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

माझं वय ४६. उशीर झालाय का?

टॅपला उंच उड्या, लवचीकपणा, पाय फाकवणं असलं काही लागत नाही, त्यामुळे मोठेपणी सुरू करायला हा बरा प्रकार आहे. लहान मुलांच्या बॅचमध्ये मात्र जाऊ नका. मुलं बघून उचलतात, मोठ्यांना ‘वजन कुठल्या पायावर?’ हे सांगावं लागतं. मोठ्यांची स्वतंत्र बॅच आहे का आणि ती ऑफिस सुटल्यावर पोचता येईल अशा वेळी आहे का, हे विचारा.

पोटऱ्या आणि घोटे तापायला पहिली दहा मिनिटं हवीत. लोकलमधून उभ्याने येऊन थेट नाचायला लागलात तर पोटरी धरते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल, किंवा मधुमेहामुळे तळपायाची संवेदना कमी झाली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. दुसऱ्या बाबतीत बूट चावतोय हेच कळत नाही आणि जखम चिघळते. उंच टाचेचे टॅप शूज पहिलं वर्षभर नकोत.

शूज कधी, कसे घ्यायचे? घरचे चालतील का?

पहिले तीन-चार तास घरचे कडक सोलचे फॉर्मल बूट चालतात. स्पोर्ट्स शूज नकोत. रबर जमीन पकडून ठेवतं, पाय घसरत नाही आणि पीळ गुडघ्यावर येतो.

टॅप शूजच्या चवड्याखाली एक आणि टाचेखाली एक अशा धातूच्या दोन पट्ट्या असतात, बहुधा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या. मोठ्यांनी लेसचे ऑक्सफर्ड घ्यावेत, लहान मुलींना बकलच्या पट्ट्याचे चालतात. मापात ‘पुढच्या वर्षी पण होतील’ हा हिशेब इथे करू नका. सैल बुटात पाय टिकवायला मूल बोटं आखडून धरतं, आणि बोटं आखडली की घोटा ताठ होतो. फार तर अर्धा नंबर मोठा. क्लासला जे मोजे घालणार तेच घालून माप बघा. ऑनलाइन मागवणार असाल तर परत करायची सोय आहे ना, हे आधी पाहा.

चामड्याच्या सोलच्या जुन्या बुटाला चांभाराकडून टॅप बसवून घेता येतात. पट्ट्या वेगळ्या मिळतात. पण ‘नाल ठोकून देतो’ म्हणाला तर नको म्हणा. नाल खिळ्यांनी बसवतात, त्याच्या कडा फ्लोअर ओरखडतात आणि आवाजही टॅपचा येत नाही. रबरी सोलमध्ये स्क्रू टिकत नाहीत.

बुटातून किणकिण आवाज येतो. बिघडले का?

स्क्रू सैल झालाय. प्रत्येक पट्टीला साधारण तीन स्क्रू असतात, दर पंधरा दिवसांनी छोट्या पेचकसने तपासा. स्क्रूचं डोकं पट्टीच्या वर आलेलं चालत नाही. ते फ्लोअरवर रेघा मारतं आणि पाय अडकून माणूस पडतो. मात्र जीव खाऊन आवळूही नका. पट्टी फार घट्ट बसली की आवाज मेल्यासारखा होतो, आणि सोलमधलं भोक मोठं होऊन स्क्रू फिरत राहतो. तसं झालंच तर काडेपेटीच्या काडीचा तुकडा फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात घाला, रात्रभर वाळू द्या, वर आलेला भाग कापा आणि मग स्क्रू लावा.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

बूट क्लासमध्येच घाला, रस्त्याने किंवा स्टेशनवर कधीही नाही. ओल्या प्लॅटफॉर्मवर आणि पुलाच्या पायऱ्यांवर धातूचा तळ म्हणजे हमखास आपटणं. शिवाय खडीवर पट्ट्यांच्या कडा खरबरीत होतात. स्टीलचे स्क्रू गंजतात आणि चामड्याला बुरशी येते, म्हणून तास संपल्यावर पट्ट्या पुसा, आत वर्तमानपत्राचे बोळे घाला आणि कापडी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन दिवसांत वास मारतो.

क्लासला एक प्रश्न याच संदर्भात विचारा : पाणी तुंबून तास बुडाला तर तो भरून देतात का? अंधेरी सबवे किंवा हिंदमाता बुडाले की निम्मी बॅच येत नाही. अशा वेळी शिक्षकांनी तास घेतला तर तो तुमच्या खात्यातून जातो का, हे लेखी असलेलं बरं.

घरी सराव कसा करू? खालचे लोक तक्रार करतात.

करणारच. टाचेचा धक्का स्लॅबमधून थेट खालच्या छताला जातो, दारं-खिडक्या बंद करून तो कमी होत नाही. रोजचा पंधरा मिनिटांचा सराव खुर्चीत बसून, मोज्यांवर करा. घोटा सैल ठेवणं आणि आवाजांमधलं अंतर सारखं ठेवणं एवढं त्यात छान होतं. मेट्रोनोमचं (ठेका देणारं) अ‍ॅप ८० वर, म्हणजे मिनिटाला ८० ठोक्यांवर, लावून सुरुवात करा.

बूट घालून करायचंच असेल तर बोर्ड बनवून घ्या. १८ मिमी प्लायवूडची ८ बाय ४ ची शीट दुकानातच मधोमध कापून घेतली की ४ बाय ४ चे दोन बोर्ड होतात, दुसरा क्लासमधल्या कोणाला तरी द्या. मुंबईच्या दमट हवेत साधा कमर्शियल प्लाय फुगतो, त्यामुळे बीडब्ल्यूआर ग्रेडचा मागा. वर सनमायका लावू नका, मेणाचं पॉलिशही नको, दोन्ही निसरडी. पॉलिश पेपर मारून कडांना जाड टेप लावला की झालं. खाली १०-१२ मिमीच्या फोमच्या जोडायच्या मॅट टाका. असा ४ बाय ४ चा बोर्ड १५-१६ किलोचा भरतो, कपाटामागे उभा राहतो. एवढं करूनही आवाज पूर्ण बंद होत नाही, तेव्हा दुपारची वेळ खालच्या काकूंना विचारून ठरवा. तळमजला, पार्किंग किंवा सोसायटीचा हॉल मिळत असेल तर आणखी उत्तम.

हाच मुद्दा क्लासलाही लागू आहे. रहिवासी इमारतीच्या वरच्या मजल्यावर टॅपचा क्लास असेल तर सोसायटीची परवानगी आहे का ते विचारा. तक्रारीवरून बॅच मध्येच बंद पडली तर वर्षाची फी अडकते.

मुलगी कथक शिकते. दोन्ही एकदम चालेल?

चालेल, आणि लयीच्या बाबतीत ती बाकीच्यांच्या पुढे असेल. तत्काराच्या (कथकमधल्या पदन्यासाच्या) सवयीने तिला मोजणी शिकवावी लागत नाही. त्रितालाच्या १६ मात्रा म्हणजे टॅपचे चार-चार मात्रांचे चार बार. अडचण दोन ठिकाणी येते. कथकमध्ये पूर्ण तळवा सपाट आपटतो, टॅपमध्ये वजन चवड्यावर आणि गुडघा किंचित वाकलेला. आणि जॅझच्या स्विंगमध्ये मात्रेचे दोन भाग समान नसतात, पहिला लांब आणि दुसरा आखूड. तिला तिस्र जातीत, म्हणजे मात्रेचे तीन भाग करून, तीनपैकी पहिला आणि तिसरा धर असं सांगितलं की झटकन समजेल. दोन्हींचे तास एकाच दिवशी ठेवू नका, टाचांना विश्रांती हवी.

हा मेळ रंगमंचावर पाहायचा असेल तर कथक नर्तक पंडित चित्रेश दास आणि अमेरिकन टॅप नर्तक जेसन सॅम्युअल्स स्मिथ यांच्या जुगलबंदीचे व्हिडिओ शोधा.

टॅपच्या परीक्षा असतात का? दहावीला गुण मिळतात?

लंडनच्या इम्पीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंग या १९०४ पासूनच्या संस्थेचा टॅपचा अभ्यासक्रम आहे, प्रायमरी आणि मग ग्रेड. क्लास ‘आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र’ देतो म्हणाला तर कोणत्या संस्थेचं, शिक्षकांची तिथे नोंदणी आहे का आणि परीक्षक कोण येतो, हे विचारा. क्लासने स्वतः छापलेलं प्रमाणपत्र भिंतीवर छान दिसतं, बाकी काही नाही. दहावीचे कलेचे वाढीव गुण शास्त्रीय नृत्य, संगीत, लोककला, चित्रकला यांच्यासाठी आहेत. टॅप त्यात धरू नका.

फी योग्य आहे हे कसं ठरवायचं?

महिन्याचा आकडा बघू नका, एका तासाला किती पडतात ते काढा. महिन्याला आठ तास म्हणतात, पण गणपती, दिवाळी, परीक्षा आणि पाऊस वजा जाता वर्षाला प्रत्यक्षात किती झाले, ते जुन्या विद्यार्थ्याला विचारा. मग नोंदणी फी, वार्षिक कार्यक्रमाचा खर्च आणि कपड्यांचे पैसे त्यात मिळवून भागा. स्वस्त वाटलेला क्लास इथे बऱ्याचदा महाग निघतो. पहिल्यांदा तीन महिन्यांपेक्षा जास्त आगाऊ भरू नका. शूज त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती असेल तर कारण विचारा.

वार्षिक कार्यक्रमाबद्दल काय विचारायचं?

एवढंच : स्टेजवर पायांचा आवाज कसा पोचवणार? नाट्यगृहात जमिनीलगत माइक लावले नाहीत तर तिसऱ्या रांगेपलीकडे टॅप ऐकू येत नाही. काही ठिकाणी आधीच रेकॉर्ड केलेले टॅप वाजवतात आणि मुलं नुसते पाय हलवतात. मग वर्षभर शिकलं कशाला?

ऑनलाइन चालेल का?

पाया पक्का झाल्यावर, पूरक म्हणून. आवाज पोचायला उशीर लागतो, त्यामुळे शिक्षकांना तुमचा पाय गाण्याबरोबर ऐकू येत नाही. शिवाय व्हिडिओ कॉलची अ‍ॅप टॅपला गोंगाट समजून कापून टाकतात, तेव्हा झूमवर ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा. पायांचा व्हिडिओ काढून पाठवणं त्यापेक्षा उपयोगी.

आमच्याजवळ टॅपचा क्लासच नाही.

मुंबईत निव्वळ टॅपचे क्लास कमीच. बहुधा बॅले-जॅझ शिकवणाऱ्या स्टुडिओत एखादी बॅच असते, तिथे चौकशी करा. आठवड्यातून एकदा दीड तास प्रवास करण्यापेक्षा अर्ध्या तासावर दोनदा जाणं पायाला जास्त मानवतं. मे महिन्यातलं शिबिर आवड तपासायला ठीक. (अमेरिकेत २५ मे हा टॅप डान्स दिन असतो, बिल रॉबिन्सन या नर्तकाचा जन्मदिवस. त्या सुमारास एखादी कार्यशाळा सापडू शकते.) दहा दिवसांत टॅप येत नाही, एवढं डोक्यात ठेवून जा.

मुलांच्या सुरक्षेसाठी काय बघायचं?

तास चालू असताना पालकांना काचेतून किंवा कॅमेऱ्यावर बघता यावं. स्वच्छतागृह त्याच मजल्यावर असावं, तास सुटल्यावर मूल कोणाच्या ताब्यात द्यायचं याची नोंद असावी. मुलांचे व्हिडिओ सोशल मीडियावर टाकण्याआधी तुमची परवानगी घेतात का, तेही विचारा. ‘पालकांनी बाहेरच थांबायचं, मुलांचं लक्ष विचलित होतं’ हे एका मर्यादेपर्यंत खरं आहे, पण महिन्यातून एक तास तरी आत बसू द्यायला हवं.

ट्रायलला काय घालून जायचं?

घोटे दिसतील अशी पँट, घट्ट बसणारे मोजे, कडक सोलचे बूट पिशवीत. लांब पलाझो किंवा जमिनीला लागणारी सलवार नको, पाय दिसत नाही आणि कापड टाचेखाली येतं. पाण्याची बाटली न्या.